खाली जाऊन येतो : गिरगावातल्या एका पायरीचं प्रकरण

गिरगावच्या चाळीतला माणूस दुकानात निघो, देवळात निघो की नुसता नाक्यावर उभा राहायला, घरात सांगून जातो ते एवढंच: "खाली जाऊन येतो." 'बाहेर' हा शब्द दादरला किंवा फोर्टात जायचं असेल तेव्हासाठी राखून ठेवलेला. खाली म्हणजे जिना उतरायचा, वाडीचा चौक ओलांडायचा, कमानीखालचा अंधारा बोळ पार करायचा की रस्ता. चप्पल घातली तरी चालते, नाही घातली तरी चालते. शर्टाची वरची दोन बटणं उघडी असली तरी कोणी बघत नाही. हे अंतर इतकं थोडं असतं की रस्ता हा घराचाच पुढचा भाग वाटतो.

माझं लहानपण अशाच एका वाडीत गेलं. आता डोंबिवलीला राहतो, पण महिन्यातून दोनदा तरी तिकडे फेरी होते. गेली आठ-नऊ वर्षं मी या फेऱ्यांमध्ये एकच गोष्ट बघत आलो आहे: वाडीच्या तोंडाशी असलेल्या एका कापड दुकानाची पायरी. रस्त्यावर काय काय बदललं ते मला त्या पायरीवरून कळलं. म्हणून हे प्रकरण तिच्यापासून सुरू करतो.

रस्ता म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ मार्ग. जुनं नाव गिरगाव रोड. धोबीतलावाकडून निघून चिराबाजार, ठाकूरद्वार करत तो ऑपेरा हाउसच्या दिशेला जातो. ज्यांचं नाव त्याला दिलं ते नाना शंकरशेठ मुंबईत आगगाडी आणणाऱ्या मंडळींपैकी एक. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्यामागे त्यांची खटपट होती. त्यांच्याच नावाच्या रस्त्याच्या पोटातून आता रेल्वे जाते. कुलाबा ते सीप्झ ही 33.5 किलोमीटरची मेट्रो, तिच्या 27 स्थानकांपैकी काळबादेवी आणि गिरगाव ही दोन या एकाच रस्त्याखाली आली आहेत.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावं ऐकली की इथे पूर्वी काय होतं ते वेगळं सांगावं लागत नाही. बागा गेल्या, चाळी आल्या, नावं राहिली. वाडीची रचना बहुतेक ठिकाणी सारखी. रस्त्याला लागून दुकानांची रांग, दोन दुकानांच्या मधे वाडीचं तोंड, आत चौक, चौकाभोवती गॅलऱ्यांच्या चाळी. शंभर-दीडशे बिऱ्हाडं आत, आणि रस्त्यावर यायला वाट एक, फार तर दोन. म्हणजे सकाळी साडेसातला कामावर जाणारा कारकून, दहाला भाजी आणायला निघालेली बाई, चारला शाळेतून येणारी पोरं आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला उतरलेले आजोबा, सगळे त्या एकाच तोंडातून येणार-जाणार. तोंडाशीच एक काळा फळा. कोणाचं निधन, कोणाकडे सत्यनारायण, उत्सवाची वर्गणी, पाणी कधी येणार नाही, सगळं खडूने. अशा तोंडाला लागून ज्याचं दुकान असतं त्याला जाहिरात करावी लागत नाही.

आता पायरी. साधारण सहा फूट लांब, दोन फूट रुंद, काळ्या दगडाची, मधे झिजून खोल गेलेली. दुकान दहाला उघडायचं, दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली, रात्री साडेआठला बंद. त्या पायरीचा दिवस मात्र पहाटे पाचलाच सुरू व्हायचा.

पाच ते साडेसहा ती पेपरवाल्याची. टेम्पोतून गठ्ठे पडायचे, दोन पोरं मांडी घालून बसायची आणि पुरवण्या घालायची. त्या हातांचा वेग बघत मी लहानपणी दूध आणायला उशीर करायचो. पावणेसातला पायरी रिकामी, आणि फुलवाली मावशी टोपली घेऊन हजर. झेंडू, शेवंती, दूर्वा, तुळस, बेल. पानात बांधून दोऱ्याने आवळलेल्या पुड्या. मंगळवारी आणि संकष्टीला जास्वंद. दहाला शेट शटर उघडायचे, उंबऱ्यावर पाणी शिंपडायचे, तोवर मावशी टोपली उचलून पायरीच्या डाव्या टोकाला सरकलेली. दुपारी शटर अर्ध्यावर आलं की तिथे चावीवाला बसायचा, कानसा आणि बिनदात्याच्या चाव्यांचा जुडगा घेऊन. चारला तो उठायचा. संध्याकाळी म्हातारी माणसं टेकायची, कारण गुडघे दुखत असतील तर तिसरा मजला चढण्याआधी कुठेतरी बसावं लागतं. साडेआठनंतर आम्लेट-पावाची गाडी लागायची आणि पायरीवर तिची गिऱ्हाइकं प्लेट घेऊन बसायची.

म्हणजे बारा चौरस फूट दगडावर दिवसभरात पाच जणांचा संसार. कोणाचाही करार लिहिलेला नाही. पण भाडं होतं. मावशी रोज शेटच्या दुकानातल्या तसबिरीला हार द्यायची. पेपरवाला एक पेपर टाकून जायचा. चावीवाल्याने शटरचं कुलूप कधी पैसे घेऊन दुरुस्त केलं नाही. आम्लेटवाला जाताना पायरी धुऊन जायचा, साबण लावून, कारण शेट माळकरी होते आणि अंड्याचा वास त्यांना चालायचा नाही. चालायचा नाही म्हणून त्यांनी गाडी बंद केली नाही. धुऊन घेतलं, एवढंच. शहराच्या शेजारधर्मावर पुष्कळ लिहिलं जातं. मला तो या साबणाच्या पाण्यात दिसतो.

हा मामला दोन गोष्टींवर उभा होता. एक, दुकान ठरल्या वेळी बंद व्हायचं. दुकान बंद असतं म्हणूनच पायरी दुसऱ्याची होते. दुसरी, वाडीच्या तोंडातून पायी माणसं उतरत राहायची. मालक स्वतः दुकानात बसणारा होता, हेही खरं. नोकराच्या भरवशावर असली देवाणघेवाण चालत नाही.

मेट्रोचं ठरलं तेव्हा गिरगावात आणि काळबादेवीत मोठा विरोध झाला. 2015 मधल्या त्या सभा आणि मोर्चे लोकांना आठवत असतील. भीती साधी होती: इथून एकदा उठलो की परत यायला मिळणार नाही. मुंबईत ज्याने ज्याने 'तात्पुरतं' म्हणून संक्रमण शिबिर गाठलं त्याची पुढची पिढी तिथेच मोठी झालेली लोकांनी पाहिलेली आहे. तेव्हा बाधितांना त्याच भागात घरं देण्याचं ठरलं, आणि इमारती उठल्या तेव्हा शेकडो कुटुंबं भाड्याचे पैसे घेऊन इतरत्र गेली. त्यांच्यासाठी बांधायच्या इमारतींना कागदावर नावं मिळाली के-2, के-3, जी-3. वाडीला फणसाचं नाव होतं. इमारतीला अक्षर आणि आकडा मिळाला. नाव नंतर देता येईल, पण तोपर्यंत लोक पत्ता सांगताना जुन्या, पाडलेल्या चाळीचंच नाव सांगत होते, आणि पोस्टमनला ते कळत होतं.

इमारती का उठवाव्या लागल्या, हे समजून घेण्यासारखं आहे. भुयारी स्थानक बांधायची सोपी पद्धत म्हणजे रस्ता वरून उघडायचा, पेटीसारखा खड्डा करायचा, आत स्थानक बांधायचं आणि वरून झाकायचं. त्याला रुंद रस्ता लागतो. जगन्नाथ शंकरशेठ मार्ग तेवढा रुंद नाही. दोन्ही बाजूंना शंभरी गाठलेल्या चाळी, पाया कोणता ते कोणाला ठाऊक नाही. म्हणून इथे बाजूला विहिरीसारखा खड्डा उतरवून तिथून आडवं, थोडं थोडं खडक फोडत आणि लगेच आधार देत जाण्याची पद्धत वापरली. बोगदा पाडणारी मोठी यंत्रं गाड्यांच्या मार्गासाठी होती, फलाटाची पोकळी अशी हळूहळू काढावी लागली. यात वरचा रस्ता पूर्ण उकरावा लागत नाही. पण तो विहिरीसारखा खड्डा आणि जिने, सरकते जिने, हवा खेळवण्याची यंत्रं यांना जमीन लागतेच, आणि गिरगावात मोकळी जमीन नाही. जिथे जमीन लागली तिथे माणसं राहत होती.

2017 च्या सुमाराला मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले. रस्त्याच्या मधोमध दोन पुरुष उंचीची भिंत, आणि दुकानांपुढे जेमतेम चालण्यापुरती पट्टी. पहिल्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा समोरच्या बाजूचं दुकान दिसत नव्हतं. ज्या रस्त्यावर गॅलरीतून समोरच्या गॅलरीशी बोलणं व्हायचं तिथे पलीकडे जायला नाक्यापर्यंत वळसा.

पायरीवर काय झालं ते क्रमाने सांगतो, कारण मी अपेक्षा केली होती त्यापेक्षा ते वेगळं निघालं.

सगळ्यात आधी आम्लेट-पाव गेला. गाडीला उभं राहायला जागा लागते आणि तिच्या गिऱ्हाइकांना घोळका करायला. त्या पट्टीत दोन्ही नव्हतं. मग पेपरवाला गेला: टेम्पो थांबेना, म्हणून त्याने गठ्ठे दोन गल्ल्या पलीकडे उतरवायला सुरुवात केली. चावीवाला बराच काळ टिकला. आणि फुलवाली मावशी सगळा काळ टिकली. पत्र्यांच्या धुळीत ती टोपलीवर ओलं फडकं टाकून बसायची. तिची गिऱ्हाइकं वाडीच्या तोंडातून पायी येणारी होती, आणि वाडीच्या तोंडापासून पायरीपर्यंत जायला पाच पावलं पुरतात. तिथे पत्रे आडवे येत नव्हते.

दुकानांचंही असंच. ज्यांचं गिऱ्हाईक बोरिवली-मुलुंडहून गाडी घेऊन लग्नाच्या खरेदीला यायचं त्यांचं कंबरडं मोडलं. गाडी लावायला जागा नाही म्हटल्यावर ते गिऱ्हाईक घराजवळच्या मॉलकडे वळलं. पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, किराणा, दूध, औषधं ही दुकानं रडतखडत चालली. पायी येणाऱ्या गिऱ्हाइकावर उभं असलेलं दुकान पत्र्यांनी मरत नाही. वाडी रिकामी झाली तर मात्र मरतं. इतकी वर्षं निरीक्षण करून माझ्या हाती लागलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

इथे थांबून एक कबूल करायला हवं. सगळं खापर पत्र्यांवर फोडणं सोपं आहे, मीही काही दिवस तेच करत होतो. पण नोव्हेंबर 2016 ला नोटा गेल्या, जुलै 2017 ला जीएसटी आला, मार्च 2020 ला टाळेबंदी लागली, आणि त्याच काळात फोनवरून सामान मागवायची सवय घराघरांत शिरली. एका लहान दुकानदाराच्या आयुष्यात हे चारही धक्के पत्र्यांच्या आगेमागेच बसले. कापड दुकानाचे शेट टाळेबंदीनंतर थकले ते थकलेच. दुकान अकराला उघडू लागलं, साडेसातला बंद होऊ लागलं. फुलवालीला सकाळचा एक तास जास्त मिळाला, याचाही तिने उपयोग करून घेतला: नारळ ठेवायला लागली.

फळ्याचीही तीच गत. तो अजून आहे, खडू मात्र सहसा नसतो. निधनाची बातमी आधी व्हॉट्सअॅपवर येते. त्यात सोय आहे, डोंबिवलीत बसून मलाही कळतं. पण फळा वाचायला माणूस थांबायचा, थांबला की दुसरा भेटायचा, आणि ज्याच्या घरी दुःख झालं त्याच्याकडे दोघं मिळून जायचे. आता प्रत्येक जण आपापल्या जागी हात जोडलेलं चित्र पाठवतो. मला ही हानी वाटते, आणि तसं म्हणायला मी लाजत नाही.

मेट्रो टप्प्याटप्प्याने आली. ऑक्टोबर 2024 मध्ये आरेपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत, मे 2025 मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि 8 ऑक्टोबर 2025 ला कफ परेडपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचं उद्घाटन झालं. दुसऱ्या दिवसापासून गिरगाव स्थानक लोकांसाठी खुलं. मी त्याच आठवड्यात गेलो. डोंबिवलीहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो, मेट्रोत बसलो, मधे काळबादेवी, मग गिरगाव. तिकीट 10 रुपये. पूर्वी याच अंतराला बस नाहीतर टॅक्सी, आणि काळबादेवीच्या गर्दीत निम्मा तास. सरकत्या जिन्याने वर आलो आणि दिवसाउजेडात रस्त्यावर उभा राहिलो. गिरगावच्या रस्त्यावर मी आयुष्यभर 'खाली' आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा वर आलो.

आनंद झाला. तो लपवायचं कारण नाही. इथून पांगलेली माणसं डोंबिवली, बोरिवली, विरार अशी लांब गेली आहेत, आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला त्यांतली कितीतरी परत येतात: फडके गणपतीच्या देवळापासून ढोल-ताशे निघतात, नऊवारीतल्या मुली बुलेटवर बसतात, आणि प्रत्येक वाडीच्या तोंडाशी ओळखीचं कोणीतरी भेटतं. केशवजी नाईक चाळीत 1893 पासून चालत आलेला गणेशोत्सव आहे, तिथेही तसंच. अशा माणसांना गिरगाव आता जवळ आलं आहे. थकलेल्या आई-वडिलांना भेटायला आठवड्याला जाता येतं. हे मोठं देणं आहे.

पण स्थानकातून वर येणारी माणसं आणि वाडीतून खाली येणारी माणसं एकसारखी वागत नाहीत, हे मला पुढच्या तीन-चार फेऱ्यांत दिसलं. मेट्रोतून आलेला माणूस कुठेतरी निघालेला असतो. तो चहा घेईल, वडापाव घेईल, फोनचं कव्हर घेईल. दूर्वांची पुडी रोज घेणार नाही, दळण टाकणार नाही, पायरीवर टेकणार नाही. आणि स्थानकाच्या दाराशी बसायचं म्हटलं तर विक्रेत्याला आणखी एक चिंता. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड रेल्वे स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. त्यानंतर उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसायला मनाई कायम केली. त्यामागचं दुःख खरं आहे, दार मोकळं हवंच. पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदाही आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती नेमून जागा ठरवून द्यायच्या असं म्हटलं आहे. गिरगावसारख्या रस्त्यावर हे टेप घेऊन मोजून, नकाशावर पायऱ्या दाखवून करायला हवं. तसं न करता एक दिवस पालिकेची गाडी येऊन टोपल्या उचलत राहिली तर वीस वर्षं एका जागी बसलेली बाई आणि काल आलेला माणूस यांच्यात फरक उरत नाही.

खरा प्रश्न मात्र मेट्रोचा नाहीच. तो वाडीचा आहे.

इथल्या बहुतेक चाळी पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकदाच मोठी रक्कम देऊन मग नाममात्र भाड्याने राहायचं. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली. भाडेकरूला छप्पर मिळालं, मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. चाळी खचत गेल्या, मग सरकारने उपकर घेऊन दुरुस्ती करायचं ठरवलं, त्यासाठी 1969 चा कायदा आला, आणि म्हणून या उपकरप्राप्त इमारती. आता त्यांचा पुनर्विकास मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 33(7) खाली होतो. जुन्या भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचं मालकीचं घर फुकट, आणि बांधणाऱ्याला विकायला वरचं बांधकाम. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांनी पथारी टाकलेली आहे, सार्वजनिक संडासापुढे रांग लावलेली आहे. मी लावलेली आहे. ज्याला चाळीचं जुनेपण गोड वाटतं त्याने पावसाळ्यात टेकू लावलेल्या खोलीखाली एक रात्र झोपून बघावं. घरात स्वतःचा संडास असणं ही चैन नाही. त्यामुळे टॉवर नकोत असं म्हणायला मी तयार नाही.

माझं बोट आहे ते तळमजल्यावर. टॉवर उभा राहतो तेव्हा त्याचे पहिले काही मजले गाड्यांसाठी जातात. रस्त्याकडे कुंपण, मोठं फाटक, वॉचमनची खोली. पाचव्या-सहाव्या मजल्याच्या वर माणसं राहायला लागतात. लिफ्ट पार्किंगमध्ये उघडते. जुन्या गाळेधारकाला त्याच्या क्षेत्रफळाइतका गाळा मिळतो, पण तो रस्त्याकडे तोंड करून असेल की मागच्या अंगाला, की पहिल्या मजल्यावर, हे नकाशा काढणारा ठरवतो, आणि गाळेधारकाला बहुतेक वेळा चावी हातात आल्यावर कळतं. वाडीचं तोंड बुजतं. दीडशे बिऱ्हाडांच्या जागी तीनशे बिऱ्हाडं येतात आणि तरी रस्त्यावर पायी उतरणारी माणसं कमी होतात. 'खाली जाऊन येतो' म्हणणारा खाली जातो तो पोडियमच्या, म्हणजे गाड्यांच्या मजल्यांवरच्या गच्चीतल्या, बागेत. सामान घेऊन येणारा पोऱ्या फाटकावर नाव लिहून वर जातो. आणि महिन्याला काही हजारांचा देखभाल खर्च झेपत नाही म्हणून कित्येक जुने भाडेकरू दोन-तीन वर्षांत घर विकतात. आठ वर्षांच्या पत्र्यांनी जे झालं नाही ते या एका फाटकाने होतं.

शेजारी उदाहरण आहेच. जगन्नाथ शंकरशेठ मार्ग आणि व्ही. पी. रोड यांच्या मधल्या खोताच्या वाडीत दादोबा वामन खोतांच्या जमिनीवर उभी राहिलेली लाकडी घरं होती, एके काळी 65 म्हणतात. आज तिशीच्या आत. तिथलं अनंताश्रम, जिथे माशाच्या जेवणासाठी फोर्टातून माणसं यायची, तेही बंद झालं. वाडी बघायला कॅमेरे घेऊन लोक येतात. जेवायला कोणी येत नाही, कारण जेवायला काही उरलेलं नाही.

म्हणून बाधितांच्या नव्या इमारतींकडे आणि रस्त्यावर एकेक करून उभ्या राहणाऱ्या टॉवरांकडे मी तळमजल्यापासून बघतो. माझ्या मते तीन गोष्टी नकाशातच मागून घ्यायला हव्यात, आणि त्या भाडेकरूंनीच मागायला हव्यात, संमतीची सही करायच्या आधी. जुन्या वाडीचं तोंड होतं तिथूनच पायी ये-जा राहावी, फाटकातून गाड्यांबरोबर नाही. जुने गाळे रस्त्याकडेच तोंड करून मिळावेत. आणि गाळ्यांपुढे पायरी असावी, बसता येईल एवढी रुंद. अपंगांसाठी उतार हवाच, तो बाजूला करता येतो. तिसरी मागणी ऐकून एका बैठकीत लोक हसले. मीही समजू शकतो: डोक्यावर 300 चौरस फुटांचा हिशोब असताना दोन फूट दगडाचं काय घेऊन बसलात. पण चौरस फुटांचं भांडण करायला वकील, वास्तुविशारद, सोसायटीची समिती सगळे आहेत. दगडासाठी कोणी नाही.

ज्या पायरीवरून हे सगळं सांगितलं तिच्या वाडीचा पुनर्विकास अजून ठरलेला नाही. दोन विकासक येऊन गेले, संमती अडली आहे. चाळ उभी आहे, टेकूंसकट. चावीवाला गेल्या पावसाळ्यापासून आलेला नाही. आम्लेटची गाडी परत लागते, आता पत्रे गेल्यावर, पण माणूस नवा आहे. त्याला साबणाचं कोणी सांगितलं नव्हतं, मावशीने सांगितलं.

शेटचा मुलगा ठाण्याला नोकरी करतो, त्याला दुकानात बसायचं नाही. शेटनी मला दुकान भाड्याने द्यायचं चाललंय म्हणून सांगितलं. मेट्रोचं दार जवळ असल्याने विचारणा चांगली आहे. त्यातली पक्की एका एटीएमची. भाडं महिन्याच्या पहिल्या तारखेला, कटकट नाही, आणि या वयात शेटना तेवढंच हवं आहे. त्यांना दोष देणं माझ्याच्याने व्हायचं नाही. एटीएमवाली मंडळी येऊन मापं घेऊन गेली: पायरी काढून तिथे उतार करायचा, काचेचं दार, वर दिवा.

मी निघताना मावशीने पुडी बांधता बांधता विचारलं, "एटीएम बंद कधी करतात रे?"